संचित आणि नोंद : मोबाइलवरील खेळाच्या अल्पस्मृतीविषयी

सोंगट्या पेटीत गेल्या, फासे पिशवीत पडले, की डाव संपतो. जिंकणारा आणि हरणारा दोघेही पुन्हा घरातली माणसे होतात. खेळाचे खेळपण बऱ्याच अंशी या पुसले जाण्यावर उभे असते. योहान हायझिंगा यांनी १९३८ साली खेळाची मीमांसा करताना, नित्याच्या जगण्यापासून स्थळकाळाने वेगळे काढलेले क्षेत्र हे खेळाचे लक्षण मानले. रोझे कायवा यांनी १९५८ मध्ये त्यात भर घातली की, खेळ काहीही निर्माण करीत नाही. डावाच्या अखेरीस परिस्थिती आरंभी होती तशीच असते, फार तर पणाला लावलेली मालमत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाते. या दोन्ही मीमांसांना एक गोष्ट गृहीत धरावी लागली होती. खेळ स्वतः काही लक्षात ठेवीत नाही, ही ती गोष्ट. लक्षात ठेवतात ती माणसे.

मोबाइल फोनवरील खेळाने हे गृहीत मोडले. नोकियाच्या ६११० या फोनवर १९९७ साली तानेली आर्मान्तो यांनी तयार केलेला 'स्नेक' हा खेळ आला. पुढे नोकियाच्या साध्या फोनांबरोबर तो भारतातही घरोघरी पोहोचला. त्यात सर्वोच्च गुणांचा एक आकडा राहत असे. नाव नाही, तारीख नाही, केवळ आकडा. एकच फोन वडील, मुलगी आणि धाकटा भाऊ असा हातोहात फिरे, तेव्हा तो आकडा कोणाचा हे फोनला ठाऊक नसे. घराला ठाऊक असे. एखाद्या संध्याकाळी त्याहून मोठा आकडा झाला की जुना नाहीसा होई. दुसऱ्या क्रमांकाला त्या स्मृतीत जागाच नव्हती. त्यामुळे मुलाने आईचा आकडा ओलांडणे आणि आईची एकमेव खूण पुसणे ही एकच क्रिया होती, आणि ती करताना त्याला तिचे भानही नसे.

आजच्या खेळांची रचना वेगळी असली, तरी अल्पशा नोंदीचे तत्त्व तेच आहे. अँड्रॉइड फोनवर प्रत्येक ॲपला 'शेअर्ड प्रेफरन्सेस' नावाची एक छोटी खाजगी वही मिळते. युनिटी या साधनाने खेळ घडविणारे तिलाच 'प्लेअर प्रेफ्स' या नावाने वापरतात. वहीतील प्रत्येक नोंद दोन घटकांची असते. एक तिचे नाव, ज्याला किल्ली म्हणतात; दुसरे त्या नावाखाली ठेवलेले मूल्य. आवाज चालू की बंद, कितवी पातळी, किती नाणी, खेळाडूने स्वतःला दिलेले नाव. फोन बंद होवो, बॅटरी संपो, वही राहते. 'प्रेफरन्स' म्हणजे पसंती. आवाज बंद ठेवणे ही पसंती खरीच. पण चाळिसाव्या पातळीवर पोहोचणे ही पसंती कशी? खेळाडूची कमाई आणि त्याची आवडनिवड एकाच नावाखाली ठेवणारी ही परिभाषा सोयीपोटी घडली असेल, परंतु ती निरागस नाही. खेळाडूने केलेले आणि खेळाडूला आवडलेले यांतील भेद तिने आरंभीच पुसून टाकला आहे.

या वहीचा एक व्यवहार तत्त्वचिंतकाने थांबून पाहावा असा आहे. कार्यक्रम वहीला विचारतो, 'पातळी' या किल्लीखाली काय आहे? तेथे काहीच नसेल, तर वही गप्प बसत नाही. आधी ठरवून दिलेले एक मूल्य, बहुधा शून्य किंवा एक, ती उत्तरादाखल देते. ज्याने खेळ कधीच उघडला नव्हता त्याला हेच उत्तर मिळते, आणि ज्याची दोन वर्षांची नोंद काल पुसली गेली त्यालाही हेच. किल्ली आहे की नाही एवढे निराळे विचारता येते. पण ती कधी नव्हतीच की होती आणि गेली, हे सांगण्याचे साधन वहीपाशी नाही. न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार मानले. उत्पत्तीपूर्वीचा तो प्रागभाव, नाशानंतरचा तो प्रध्वंसाभाव. घडा घडण्यापूर्वी मातीत नसणे आणि घडा फुटल्यावर नसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असा त्यांचा आग्रह होता. तो केवळ तर्ककर्कश हट्ट नव्हता; दुःखाची शक्यताच या भेदावर उभी आहे. न जन्मलेल्याबद्दल कोणी शोक करीत नाही. मोबाइलच्या वहीला मात्र दोन्ही अभाव सारखेच. म्हणून जुना खेळाडू परत आला, की खेळ त्याचे नवख्याप्रमाणे स्वागत करतो, बोट धरून पहिली चाल शिकवतो. या स्वागतात सौजन्य असते, ओळख नसते.

किल्लीच्या नावाचेही असेच. खेळाच्या नव्या आवृत्तीत कोणी किल्लीचे नाव बदलले, तर जुने मूल्य वहीत तसेच पडून राहते, पण त्याला कोणी हाक मारीत नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. शहर हरवले नाही, कारण दोन्ही नावे एकाच वस्तीची आहेत हे सांगणारी माणसे दोन्ही नावांच्या बाजूंना उभी आहेत. ज्या वहीत दोन नावांमधला दुवा कोणी लिहिलेला नाही, तेथे नामांतर म्हणजे विस्मरणच.

या साठवणीला मराठीत कोणता शब्द लावावा? 'स्मृती' हा शब्द जड आहे आणि चुकीचाही. स्मृती विसरते, जोडते, रंगवते. वही यांपैकी काहीच करीत नाही. प्लेटोच्या 'फीड्रस' संवादात थ्यूथ हा देव लेखनाची कला राजाला दाखवतो, तेव्हा राजा हाच भेद काढतो. हे साधन आठवणीचे नव्हे, आठवण करून देण्याचे आहे. माणसे बाहेरच्या खुणांवर विसंबतील आणि आतले आठवणे सोडतील. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात देरिदा यांनी या संवादाची जी चिकित्सा केली, ती मराठी समीक्षेला परिचित आहे. तिची पुनरुक्ती येथे नको. प्रस्तुत संदर्भात अधिक उपयोगी पडणारा शब्द कर्मविचारात तयार आहे. तो म्हणजे संचित. जे साठले आहे ते संचित, त्यातील जे भोगायला समोर आले ते प्रारब्ध, आणि आता जे घडते आहे ते क्रियमाण. खेळ उघडताच वहीतून पातळी व नाणी वाचली जातात, खेळाडू पुढे खेळतो, आणि बाहेर पडताना नवे मूल्य वहीत लिहिले जाते. साम्य विलक्षण आहे, पण एका ठिकाणी ते फसते. कर्मसिद्धान्तात संचित कोणी पुसू शकत नाही. ते पुसता येत नाही म्हणूनच त्यातून सुटण्याला मोक्ष म्हणावे लागले. मोबाइलवर 'डेटा पुसा' असे एक बटण असते.

मोक्षपटाची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. सापशिडीचा हा पूर्वज परंपरेने ज्ञानेश्वरांशी, म्हणजे आपेगाव-पैठणच्या परिसराशी जोडला जातो. ते कर्तृत्व ऐतिहासिक कसोटीला उतरो न उतरो, पटाचा आशय स्पष्ट आहे. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, वरच्या टोकाला मोक्ष. केलेले काहीच वाया जात नाही हे शिकवणारा हा पट स्वतः मात्र काहीच साठवीत नाही. सापाने गिळलेली सोंगटी पुढच्या डावात पहिल्या घरी येते तेव्हा तिच्या माथी कालचे पाप नसते. संचिताचा खेळ संचिताविना खेळला जातो. बहुधा म्हणूनच तो मुलांच्या हाती देण्याइतका सौम्य होता. आजचे खेळ कर्माविषयी चकार शब्द काढीत नाहीत, रंगीत गोळ्या जुळवायला लावतात. पण प्रत्येक चुकलेली चाल, प्रत्येक गमावलेला जीव ते लिहून ठेवतात. पटावर कर्म हा विषय होता; फोनवर ती कार्यपद्धती झाली आहे.

खेळातील हार खेळाबाहेर उरते तेव्हा काय होते, याचे मराठीतील सर्वांत जुने चित्र 'लीळाचरित्रा'त आहे. चक्रधर होण्यापूर्वीचे हरिपाळदेव जुगारात हरतात. देणे फेडायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतात आणि ती नकार देते. त्या नकारातून विरक्ती येते, आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घर सोडतात. येथे डाव संपला तरी देणे संपले नाही. पणाची नोंद पटावर नव्हती, माणसांच्या परस्परव्यवहारात होती, आणि तेथून ती कोणाला पुसता येत नव्हती. म्हणूनच तिला एक आयुष्य वळविण्याचे बळ होते. फोनमधील नाणी गमावल्याने कोणी घर सोडून जाणार नाही, असे येथे कोणी म्हणेल. खरे पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांनी हे म्हणणे खोटे पाडले आहे. पण तो प्रश्न जुगाराचा आहे, नोंदीचा नव्हे. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

नोंदीचा नैतिक प्रश्न तिच्या ताब्यापासून सुरू होतो. वही खेळाडूच्याच फोनमध्ये असेल, तर थोडे तांत्रिक ज्ञान असलेला कोणीही तीत हात घालून चाळीसच्या जागी चारशे लिहू शकतो. युनिटीच्या मार्गदर्शिकेतही संवेदनशील माहिती येथे ठेवू नये असे बजावलेले आहे, कारण ही वही कुलूपबंद नसते. स्वतःच्या फोनमध्ये, कोणी पाहत नसताना, स्वतःचा आकडा वाढवणे हे खोटे बोलणे आहे काय? खोटे बोलायला ऐकणारा लागतो. एकट्याने खेळलेल्या पेशन्सच्या डावात पत्ता बदलणाऱ्याला आपण लबाड म्हणतो ते हसत हसत. परंतु तोच आकडा इतरांच्या आकड्यांशेजारी एका यादीत लागला, की तो साक्ष बनतो आणि खोटी साक्ष शक्य होते. हे टाळण्यासाठी कंपनी वही स्वतःच्या संगणकावर, सर्व्हरवर नेते. आता नोंदीत फेरफार करता येत नाही. फोन हरवला तरी ती नव्या फोनवर मिळते. ती अधिक टिकाऊ झाली, अधिक विश्वसनीयही झाली. त्याच प्रमाणात ती खेळाडूची राहिली नाही. विश्वसनीयता आणि मालकी यांची ही व्यस्त वाढ आधुनिक नोंदव्यवस्थेत अन्यत्रही दिसते, पण खेळासारख्या बिनमहत्त्वाच्या जागी ती उघडी पडते.

याची प्रचीती भारतातील खेळाडूंना २०२० मध्ये आली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली ११८ ॲपांवर बंदी घातली. त्यांत पबजी मोबाइल होता. कारण म्हणून सांगितले गेले ते वापरणाऱ्यांच्या माहितीचे देशाबाहेर जाणे आणि देशाची सुरक्षितता. ३० ऑक्टोबर २०२० पासून त्याचे सर्व्हर भारतीय खेळाडूंसाठी बंद झाले. अनेकांनी वर्षानुवर्षे मिळवलेली श्रेणी, पैसे देऊन घेतलेले पोशाख, स्वतःला दिलेली टोपणनावे एका दिवसात अप्राप्य झाली. पुढे २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन या कोरियन कंपनीने भारतासाठी स्वतंत्र आवृत्ती अधिकृतपणे आणली, आणि जुन्या खात्यांतील माहिती नव्या खेळात नेण्याची मुभा काही काळ दिली. एका मुदतीत अर्ज करावा, संमती द्यावी, आणि आपले पूर्वसंचित नव्या देहात घ्यावे, असा हा प्रकार होता. जुलै २०२२ मध्ये हाही खेळ ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला.

या प्रकरणाकडे तरुणांच्या उथळ दुःखाची गोष्ट म्हणून पाहण्याचा मोह प्रौढांना होतो, आणि तो आवरला पाहिजे. ज्या नोंदींसाठी बंदी आली त्या आणि ज्या नोंदी हरवल्याचे दुःख झाले त्या, एकाच खात्यातल्या होत्या. शासनाला त्या खात्यात परकीय डोळ्यांना दिसणारा नागरिक दिसत होता. खेळाडूला त्यात स्वतःचा भूतकाळ दिसत होता. दोघेही चुकीचे नव्हते. एकाच चिन्हाचे दोन वाचक असतात तेव्हा अर्थाचा झगडा होतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगायला नको. येथे झगडा अर्थाचा राहिला नाही. चिन्हालाच अटक झाली.

म्हणून नोंदीविषयी 'किती' हा प्रश्न दुय्यम आहे. ती लहान आहे, काही अक्षरांची आहे, हे सांगून जबाबदारी हलकी होत नाही. विचारायला हवे ते असे की, ही नोंद कोणाला उद्देशून लिहिली गेली? संप्रेषणाच्या विचारात याकबसन यांनी प्रेषकाबरोबर ग्राहकाला जे स्थान दिले, ते येथे नैतिक निकष म्हणून वापरता येते. सर्वोच्च गुणांचा आकडा इतरांना उद्देशून असतो. ते लहानसे स्मारक आहे. अर्धवट राहिलेला डाव जपणारी नोंद खेळाडूलाच उद्देशून असते. पोथीत ठेवलेल्या मोरपिसासारखी, 'येथे थांबलास, येथून पुढे जा' एवढेच सांगणारी. स्मारक गेले तर अभिमान दुखावतो. मोरपीस गेले तर दिलेला शब्द मोडतो, कारण 'पुढे चालू' असे बटण दाखवणाऱ्याने परत येण्याचे निमंत्रण दिलेले असते. आणखी एक नोंद असते, जिचा पत्ता खेळाडूला नसतो. तो किती वाजता खेळतो, कोणत्या पातळीवर कंटाळतो, कोणत्या क्षणी पैसे द्यायला राजी होतो. ही त्याच्याविषयी असते, पण त्याला उद्देशून नसते. तो तिचा विषय असतो, वाचक कधीच नसतो. या तिसऱ्या नोंदीला पहिल्या दोघींच्या ओळीत बसवून सर्वांना मिळून 'वापरकर्त्याची माहिती' म्हणणे, ही आजच्या परिभाषेतील सर्वांत महागडी संदिग्धता होय.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणाला मूलभूत अधिकार मानले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा अधिकार मांडला, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. तिसऱ्या प्रकारच्या नोंदीसाठी हे योग्यच आहे. पण कायद्याला विसरले जाण्याचा अधिकार सुचला, लक्षात ठेवले जाण्याचा अधिकार सुचला नाही. खेळ बंद करणाऱ्या कंपनीने खेळाडूचे मोरपीस त्याच्या हाती परत द्यावे, अशी अपेक्षा तेथे शब्दबद्ध झालेली नाही. २०२१ मध्ये खेळाडूंना जुनी खाती मिळाली ती कंपनीची व्यापारी सोय म्हणून.

नोंद मूळ धारकाच्या हातून गेल्यावर ती परत कशी उभी राहते, याचेही उदाहरण महानुभावांपाशी आहे. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या सांगण्यावरून आणि ज्या ज्या व्यक्तींशी लीळा संबंधित होती त्यांच्याकडे जाऊन, पडताळून, चक्रधरांच्या आठवणी लिहिल्या. खालशाच्या धाडीत ती मूळ पोथी गेली. पुढे ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. हिराइसेच्या पाठाचे नाव त्या संदर्भात आदराने घेतले जाते. परत आलेला ग्रंथ मुळासारखा नव्हता. त्याचे पाठ झाले, पाठांचे भेद झाले, आणि संशोधकांच्या पिढ्या त्यांत गुंतल्या. प्रत एकच असती आणि सुरक्षित राहिली असती, तर मराठीला एक शुद्ध संहिता मिळाली असती. ती लुटली गेल्यामुळे संहितेभोवती आठवणाऱ्या माणसांचे एक कूळ दिसू लागले. फोनच्या नोंदीला असे पाठभेद नसतात. तिची प्रत तंतोतंत असते किंवा नसतेच. मधली अवस्था, म्हणजे कोणीतरी ती चुकतमाकत सांगणे, तिला माहीत नाही. क्लाउडवर प्रत ठेवणे हा या उणिवेवरचा उपाय नव्हे, कारण दुसरी प्रत म्हणजे दुसरा साक्षीदार नव्हे.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात दोन नोंदी आहेत. एक दर्शनी भागावरची, दोन हजार वर्षांमागची ब्राह्मी अक्षरे. वासिष्ठीपुत्र कटहादि याने हे गृहमुख दान दिले, एवढाच तिचा आशय. दुसरी आत, एका खांबावरच्या रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर ओरखडलेली. अठ्ठाविसाव्या घोडदळाचा जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. मलब्याच्या ढिगावर उभे राहून लिहिल्यामुळे आज ती माणसाच्या उंचीच्या वर दिसते. दोन्हींत नाव आहे, दोन्ही टिकल्या आहेत. कटहादीच्या नावाला दिलेल्या वस्तूचा आधार आहे. वाक्यातून दान काढून टाकले तर नावाला तेथे असण्याचे कारण उरत नाही. स्मिथच्या नावाला स्वतःखेरीज काही सांगायचे नाही, आणि ते सांगण्यासाठी त्याने वापरलेली पाटी दुसऱ्या कोणाच्या श्रद्धेची होती. मोबाइलवरील खेळ खेळाडूकडून नाव मागतो, एक मोकळी चौकट पुढे करतो, आणि बहुतेक जण काहीतरी लिहितात. त्या चौकटीमागची भिंत कोणाची आहे, हे त्या क्षणी कोणी विचारीत नाही; स्मिथनेही विचारले नव्हते.